चार दारांची गाडी

लालबाग, ८ फेब्रुवारी २००९

आत्या, नमस्कार.

तुझी अट मान्य. फोनवर मी नुसतं हो-हो म्हणतो आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघत असतो, हे खरं आहे. म्हणून रविवारची दुपार तुझ्या नावावर टाकून लिहायला बसलोय. बाबा बरे आहेत. आई गेल्यापासून आमटी मीच करतो आणि ते ती न बोलता खातात. म्हणजे ती बरी होत असावी.

शोरूममध्ये एक गंमत चाललीय. आमच्याकडे पिवळी स्पोर्ट्स कार उभी आहे. दोन दारं, दोन सीटा, बसलं की जमिनीला पाठ लागेल इतकी खाली. तिशीतली पोरं येतात ती थेट तिच्याकडेच. बसतात, फोटो काढतात, ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकतात. मग चहा पितात आणि सही करतात ती चार दारांच्या सेडानवर. तीही साधीसुधी नाही. इंजिन तगडं, सीटा चामड्याच्या, तोंडवळा शर्यतीच्या गाडीचा. पण शेवटी चार दारं. वर्षभरात अशा बावीस गेल्या. पिवळी तिथेच. साहेबांनी मला टिपण लिहायला सांगितलंय, असं का होतं म्हणून. तू तीस वर्षं पोरांना शिकवलंस, तुला काय वाटतं?

दुसरं म्हणजे, वापरलेल्या डेमो गाड्या कामगारांना सवलतीत देतायत. माझा नंबर लागलाय. पिवळी मिळू शकते, नाहीतर निळी सेडान. दोन्ही आवाक्यात आहेत. कुठली घेऊ?

रघु


रत्नागिरी, १५ फेब्रुवारी

चि. रघु,

आशीर्वाद पोचले असं समज, कारण कागद छोटा आहे.

तुमच्या साहेबांना एवढंही कळत नाही? आजच्या पोरांना वेग हवा असतो आणि घरातलं कोणी रुसायलाही नको असतं. म्हणून बाहेरून शर्यतीची आणि आतून बैठकीची खोली, अशी गाडी ते घेतात. आमच्या वेळी हौस करायची तर घराशी भांडावं लागे. हे टिपणात घाल. माझं नाव घालू नकोस.

आता तुझं. तू पिवळी घे.

दहा वर्षांचा असताना मासिकांतली गाड्यांची चित्रं कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायचास. चार दारांची एकही नव्हती त्यात. आपल्या त्या खोलीत आपण सात माणसं झोपलो. कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून. तुझ्या बापाने मिलमध्ये आणि नंतर शिवडीच्या गोदामात वजनकाट्यावर आयुष्य काढलं. स्वतःसाठी त्याने काय घेतलं? एक छत्री. तीही माझ्या पैशाने. घरात एकाने तरी फक्त स्वतःला पुरेल अशी वस्तू घ्यावी.

मी हे ऐकीव सांगत नाही. एकोणीसशे पासष्टला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, वर्गातल्या एका मुलाच्या भावाची उघडी दोन सीटांची गाडी होती. त्यातून मी चौपाटीपासून चर्चगेटपर्यंत गेले. वेणी सुटली, रुमाल उडाला, आणि पोचेपर्यंत मी कोणाची बहीण नव्हते की कोणाची मुलगी नव्हते. सात मिनिटं. अजून मोजून सांगते.

पिवळी घे आणि कळव.

सुनेत्रा


लालबाग, १ मार्च

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चौपाटीवर केस सोडून! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सुनेत्रा? वेणीला तिसरी गाठ मारल्याशिवाय जी जिना उतरायची नाही ती?"

पण पिवळी घेत नाही. कारण सांगतो.

गेल्या आठवड्यात शीव कोळीवाड्याचा एक मुलगा आला. मासळी बाहेरदेशी पाठवतो, वय सत्तावीस. पिवळीवर जीव. सही करणार, तोच म्हणाला, "आईला दाखवून घेतो." दुसऱ्या दिवशी पुतळाबाई आल्या, नाकात नथ, हातात पिशवी. मुलाने हौसेने दार उघडून बसवलं. बसल्या त्या बसल्याच. उठता येईना. मी आणि आमचा लहू, दोघांनी दोन हात धरून ओढलं.

"अरं मेल्या, ही गाडी हाय का पाळणा? आनि तुजा बा कुटं बसल? टपावर?"

"आई, ही फक्त दोघांची असते."

"दोगांची व्हय? मग तू नि तुजी हौस, दोगंच जा!"

सगळं शोरूम हसलं. मुलगाही हसला. त्याने सेडान घेतली. जाताना मला म्हणाला, "साहेब, पिवळी घेतली असती तर रोज कुणालातरी खाली ठेवून जावं लागलं असतं." टिपणात मी तुझं वाक्य आणि त्याचं वाक्य, दोन्ही घातली.

त्या रात्री गॅलरीत उभा होतो. पलीकडच्या गॅलरीत गुणाजीकाका उभे होते. बाबा आत. काका बाहेर आले की बाबा आत, हे मी लहानपणापासून बघतोय. मिलच्या संपात काका मधेच कामावर गेले, बाबा शेवटपर्यंत बाहेर राहिले आणि त्यांना परत कधी घेतलं नाही, एवढंच मला माहीत. सव्वीस वर्षं शब्द नाही. आणि म्हणे त्याआधी दोघं एकाच मिलमध्ये, एका ताटात जेवायचे.

आता एप्रिलच्या मध्यावर चाळ रिकामी करायचीय. आम्ही संक्रमण शिबिरात. काका आणि चंपाकाकी कायमचे आपल्या गावाला, देवगडला. एकदा ते गेले की संपलं. बाबा बोलत नाहीत, पण काकांच्या खोलीतून सामान हलायला लागल्यापासून ते जेवत नाहीत नीट.

म्हणून निळी सेडान नक्की केली. आपल्यात नवी गाडी पहिल्यांदा ग्रामदेवतेसमोर न्यायची रीत आहे. चार एप्रिलला निघतो. बाबा आणि काका, दोघांनाही मागच्या सीटवर बसवणार. नऊ तास. कुठे जाणार पळून?

रघु


रत्नागिरी, ६ मार्च

रघु,

हा पोरकटपणा आहे. ताबडतोब सोडून दे.

दोन म्हातारी माणसं म्हणजे जोडायची खेळणी नव्हेत. दादाला रक्तदाब आहे. गुणाजीला दमा आहे. कशेडीच्या घाटात एकाचं डोकं फिरलं तर तू गाडी चालवणार की भांडण सोडवणार? सव्वीस वर्षं ज्यांनी तोंड फिरवलं त्यांना त्याची कारणं असतील. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. संपात काय काय झालं ते तुला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही.

गाडी घ्यायची ती स्वतःसाठी घ्यावी, हे मी लिहिलंच होतं. अजून वेळ गेलेली नाही. पिवळी घे, दादाला शेजारी बसव, देवीला नारळ फोड आणि परत ये. गुणाजीसाठी एसटी आहे.

पिवळी नक्की केल्याचं उलट टपाली कळव.

सुनेत्रा


लालबाग, २२ मार्च

आत्या,

इतकी तू मी बारावीत नापास झालो तेव्हाही रागावली नव्हतीस. काय झालंय?

निळी गाडी आलीय. गल्लीत मंडळाच्या शेडखाली लावतो. बाबांनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि सगळ्या चाळीला पेढे वाटले. फक्त समोरच्या गॅलरीतल्या एका खोलीसाठी पुडा माझ्या हातात दिला. "तू नेऊन दे," म्हणाले. स्वतः गेले नाहीत, पण पुडा सगळ्यांत मोठा होता.

मी गेलो. काका खाटेवर बसले होते. गाडीचं विचारलं तर मान हलवली, "नको रे बाबा. दौलत बसायचा नाय माझ्याबरोबर." चंपाकाकी मात्र जिन्यापर्यंत माझ्यामागून आली.

"देवीच्या गाडयेत कोणी जागा मागली तर नाय म्हणूचा नसता, काय?"

"नाही म्हणायचं नसतं, काकी."

"मगे मी मागतंय. दोघांची." आणि मग हळूच म्हणाली, "तुझ्या बापाशीक सांग, इतकी वर्सां माझ्या घोवावर कसलो राग धरलंस? तो कागद काय आमी लिवलेलो? आमका खंय लिवक येता!"

"कुठला कागद? मग कोणी लिहिला?"

"रत्नागिरीक इचार."

तर विचारतोय.

रघु


रत्नागिरी, २६ मार्च

रघु,

चंपाने सव्वीस वर्षं तोंड मिटून ठेवलं, हेच पुष्कळ.

चाळीत कॉलेज शिकलेली मी एकटी होते. रेशन कार्डाची तक्रार असो की गावच्या जमिनीचा अर्ज, सगळे कागद माझ्याकडे येत. संपाला चौदा महिने झाले होते. एका दुपारी चंपा आली. तिने आधी मंगळसूत्र दाखवलं, म्हणजे मंगळसूत्राच्या जागी बांधलेला काळा दोरा दाखवला, आणि म्हणाली, बाई, कामावर घ्या म्हणून मिलला कागद लिहून द्या. दादा तेव्हा रोज सकाळी गेटवर उभा राहून लोकांना आत जाण्यापासून अडवत होता. मी पंधरा मिनिटांत अर्ज लिहिला. चांगला लिहिला. गुणाजीला घेतलं.

मला वाटत होतं संप बुडालाय. दादाला तसं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून ते मी गुणाजीच्या नावाने लिहिलं. दादासाठीही एक अर्ज लिहून ठेवला होता. त्याला तो कधी दाखवला नाही. नंतर चुलीत घातला. गुणाजीला मी शपथ घातली होती, माझं नाव घ्यायचं नाही. त्याने घेतलं नाही. दादाचा सगळा राग त्याने एकट्याने सोसला, आणि मी त्याच घरात, त्याच दादाच्या हातचा चहा पीत राहिले. निवृत्तीनंतर मी रत्नागिरीला का आले, असं सगळे विचारत. हवा चांगली आहे, असं मी सांगत असे.

तू दोघांना एका गाडीत बसवणार म्हटल्यावर मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटली नाही. मला माझी काळजी वाटली. म्हणून तुला पिवळी घे म्हणून टुमणं लावलं. पहिल्या पत्रात तसं नव्हतं, तेव्हा खरंच वाटलं होतं. दुसऱ्यात लबाडी होती.

आणि चौपाटीचंही पूर्ण सांगितलं नाही. माझी मैत्रीण नलू माझ्याबरोबर होती. दोन सीटा, म्हणून ती फूटपाथवर उभी राहिली. तिच्या हातात माझी पुस्तकं होती. ती सात मिनिटं मी तुला सांगितली. चर्चगेटहून चालत परत यायला लागलेला पाऊण तास सांगितला नाही. मी पोचले तेव्हा पुस्तकं कठड्यावर ठेवलेली होती आणि नलू गेली होती.

सोबत दुसरं पाकीट आहे, दादाच्या नावाचं. यातलं सगळं त्यात आहे. निघण्याआधी त्याला दे. दिल्याशिवाय गाडी हलवू नकोस. त्याने मला घराबाहेर काढलं तरी चालेल, मी बाहेरच आहे. पण गुणाजीला तो नऊ तास शेजारी बसवून त्याच खोट्या समजुतीने बघत राहिला तर ते मला चालणार नाही.

सुनेत्रा


लालबाग, १२ एप्रिल

आत्या,

मला रागाव. पाकीट मी बाबांना दिलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी ते नवा शर्ट घालून, दाढी करून पाच वाजताच गाडीपाशी उभे होते. माझा हात बॅगेत गेला आणि परत आला. ते पाकीट अजून तिथेच आहे.

आता ऐक काय झालं ते. चंपाकाकी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या सीटवर बसली, मांडीवर तुळशीची कुंडी. म्हणजे मागे दोघांनाच जागा. बाबा तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे बसा." ती म्हणाली, "माका पाठी बसलंय की उलटी येता." काकांनी दार उघडलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि बसले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

कुठला जिंकतोय. आत्या, नऊ तासांत एक शब्द नाही. मी गाणी बंद ठेवली. काचा बंद. ही गाडी आतून इतकी शांत आहे की कुंडीतली माती सरकली तरी ऐकू येत होती. पनवेल गेलं, पेण गेलं, महाडला चहा झाला, आवाज नाही. काकी घोरायला लागली. आरशातून मी बघत होतो. महाडपर्यंत दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघत. पुढे कुठेतरी बाबा वळून बसले, काकांकडे तोंड करून. मला वाटलं आता बोलतील. तर नुसते ओठ हलवत होते, मोठमोठे. जप करत असावेत, घाट आला म्हणून. काकाही तसेच. मधेच काका बोटांनी हवेत गाठ मारल्यासारखं काहीतरी करायचे, बाबा दोन बोटं वर करायचे. एकदा बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी एसी कमी केला.

गावात पोचल्यावर देवीला नारळ फोडला. गाऱ्हाणं घातलं. काका त्यांच्या घरी, बाबा आपल्या घरी. बाबा म्हणाले, "मी राहतो महिनाभर. मे महिन्यात ने." मी एकटाच परत आलो, मागची सीट रिकामी.

साहेबांना टिपण आवडलं. मला मात्र वाटतंय, तुझं ऐकून पिवळीच घ्यायला हवी होती. चार दारं असून उपयोग काय झाला?

रघु


रत्नागिरी, १८ एप्रिल

रघु,

तू गाढव आहेस. शोरूममध्ये तुला ठेवतात कसे, याचं आश्चर्य वाटतं.

ते बोलत होते.

मिलच्या लूमखात्यात कधी गेला नाहीस. शेकडो माग एकाच वेळी चालत असतात. शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. विणकर ओठांनी बोलतात, आवाज न काढता, तोंड मोठं करून, म्हणजे लांबूनही वाचता येतं. बाकीचं बोटांनी. धागा तुटला की गाठ. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय की दोन बोटं. हे दोघं समोरासमोरच्या मागांवर सतरा वर्षं होते. चाळीतही तसंच. रात्रपाळीची माणसं दुपारी झोपलेली असत, तेव्हा एक या गॅलरीत, एक त्या गॅलरीत, आणि तास-तासभर गप्पा. चाळीत टाचणी पडल्याचाही आवाज नाही. आई म्हणायची, हे बघा, दोन मासे. संपानंतर तुझ्या बापाने ते तोंड पुन्हा उघडलं नाही, म्हणून तू पाहिलं नाहीस.

कालच दादाचं पोस्टकार्ड आलं. त्याच्या हातचं, शाईने. तुझ्यासाठी उतरवून काढते:

"सुनेत्रास दौलतचा आशीर्वाद. गाडीत गुणा म्हणाला, शपथ मोडतो, अर्ज सुनेत्राने लिहिलेला. मी म्हणालो, ठाऊक आहे. त्या दिवशी गेटवर पोरांनी त्याच्या हातातला कागद हिसकावला तो माझ्याकडे आला. अक्षर बघितलं, तुझंच. घडी घालून त्याला परत दिला आणि आत सोडला. पुढे त्याच्याशी बोलत राहिलो असतो तर एक दिवस विचारलं असतं कोणी लिहून दिला. तो खोटं बोलणारा नाही. मग मला तुझ्याशी बोलणं सोडावं लागलं असतं. आपली खोली एकच होती. गुणाची वेगळी होती. एवढाच हिशेब. गुणाला आता सांगितलं. तो म्हणाला, मेल्या, आधी सांगायचंस, मी दाराला कडी लावून आत बसलो असतो, तू गॅलरीत तरी आला असतास. प्रकृतीस जप. आंबा यंदा कमी."

हे कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही.

माझं पाकीट फाडू नकोस. दादाला ठाऊक आहे म्हणून माझं सांगणं चुकत नाही. मे महिन्यात त्याच्या हातात दे. नाही, तूही देऊ नकोस. मीच देईन.

त्याला आणायला जाशील तेव्हा वाटेत रत्नागिरीला वळ. मी तयार असेन. गावात पोचलो की गुणाजीलाही घेऊ आणि सगळे कुणकेश्वरला जाऊ. चंपाला पुढेच बसव, तिची उलटी खरी की खोटी ते विचारू नकोस. मागे मी दोघांच्या मधे बसणार. मधल्या जागेवर पाय अवघडतात म्हणतात. अवघडू देत. मला त्यांची ती भाषा येत नाही, त्यामुळे मी मधे असले की त्यांना मोठ्याने बोलावं लागेल.

तुझ्या गाडीत मागे तिघं नीट मावतात ना, तेवढं उलट टपाली कळव.

सुनेत्रा